धबधब्यापाशी थांबलेला निळा

शुक्रवार

कल्याणला तपोवन एक्सप्रेस पकडली तेव्हा नुकतं फटफटत होतं. जानेवारीचा दुसरा आठवडा, डब्यातली माणसं कानटोप्या आणि शालींत गुरफटलेली. कसाऱ्याला गाडी थांबली, घाट चढवायला मागून इंजिनं लागली, तो ओळखीचा हलका धक्का बसला आणि मला एकदम मे महिन्याची सुट्टी लागल्यासारखं झालं. लहानपणी हा धक्का बसला की मी आईचा हात सोडून खिडकीशी पळायची. इगतपुरी आली म्हणजे नाशिक आलंच.

या खेपेचं निमित्त मात्र आनंदाचं नव्हतं. जुन्या नाशकात, तिवंध्याच्या उतारावर मामाचा वाडा आहे. मामाला जाऊन चार वर्षं झाली. दर पावसाळ्यात मागच्या भिंतीला एक नवी भेग पडते, म्हणून आता वाडा पाडून तिथे इमारत उभी राहणार. मामी, दादा, वहिनी आणि भाची फेब्रुवारीत भाड्याच्या फ्लॅटमध्ये जाणार, त्याआधी माळा रिकामा करायचा होता. दादाचा फोन आला, "चिमे, वर आपली पत्र्याची पेटी आहे. तू आल्याशिवाय उघडत नाही."

पेटीत काय आहे ते दोघांनाही पाठ होतं. १९९५च्या दिवाळीत मामाने बोनसमधून आणलेला व्हिडिओ गेम, दोन रिमोट, एक बंदूक आणि कॅसेटी. त्यात काँट्राची, म्हणजे दोन शिपायांनी गोळ्या झाडत पुढे जायच्या गेमची, कॅसेट. सहा वर्षं, दर मे महिन्यात आणि दर दिवाळीत, मी आणि दादा काँट्रा खेळलो. दादा एक नंबरच्या रिमोटवर, निळ्या विजारीचा. मी दोन नंबरवर, लाल विजारीची. त्या दोन शिपायांना बिल आणि लान्स अशी नावं आहेत हे मला नोकरीला लागल्यावर कळलं. आमच्यासाठी ते निळा आणि लाल होते, आजही आहेत.

गाडीत बसल्यावर मला भीती वाटत होती, आणि ती खरी भीती होती. शाळेतला मोठा जिना मोठेपणी पाहिला की चार पायऱ्यांचा निघतो. काँट्राचं तसं झालं तर? पंचवीस वर्षं मी तो मुद्दाम खेळले नव्हते. मोबाइलवर कितीदा समोर आला, पण मी बोट लावलं नाही.

नाशिकरोडला उतरून शेअर रिक्षाने शालिमार, तिथून चालत. मामीने दारातच सांगितलं, "आधी मिसळ खा, मग धुळीत हात घाल." पापड, दही, काळ्या मसाल्याचा रस्सा. खाऊन झाल्यावर दादाने शिडी लावली.

पेटी उघडली तर वर मामाची जुनी लुंगी. तिच्यात गुंडाळलेला गेम. पांढरं प्लास्टिक जुन्या हार्मोनियमच्या पट्ट्यांसारखं पिवळं पडलेलं, झाकण लाल. हा जपानी फॅमिली कॉम्प्युटरचा नकली अवतार. निन्टेंडोने मूळ यंत्र १९८३च्या जुलैत जपानात आणलं आणि पुढची कित्येक वर्षं त्याच्या नकला आपल्याकडच्या दुकानांत वेगवेगळ्या नावांनी विकल्या गेल्या. आमच्यापैकी बहुतेकांनी अस्सल यंत्र कधी पाहिलंच नाही, आणि नकलेवर केलेलं प्रेम त्यामुळे तसूभरही कमी झालं नाही. एक पिवळी कॅसेट होती, तिच्यावर ‘९९९९ इन १’ लिहिलेलं. आत खरे गेम दहा-बाराच, बाकी तेच ते उलटसुलट. काँट्राची कॅसेट काळी. वरचा कागद कोपऱ्यातून फाटलेला, तो मीच दातांनी ओढला होता.

पेटीच्या झाकणाला आतून एक पुठ्ठा चिकटवलेला होता. हा मी विसरले होते. त्यावर निळ्या शाईत, मामाच्या अक्षरात:

वर वर, खाली खाली, डावी उजवी, डावी उजवी, बी, ए, स्टार्ट. दोघे असाल तर स्टार्टच्या आधी सिलेक्ट.

मामा नाशिकरोडच्या प्रेसमध्ये होता. नोटा आणि स्टॅम्प जिथे छापतात तिथे आयुष्य गेल्यामुळे असेल, त्याचं अक्षरही छापल्यासारखं होतं. प्रत्येक शब्दाची शिरोरेषा पट्टीने ओढल्यागत सरळ. हे बटणांचं गुपित त्याला कॅन्टीनमध्ये एका मित्राच्या मुलाकडून कळलं आणि संध्याकाळी घरी येऊन चपला काढायच्या आधी त्याने ते लिहून ठेवलं. त्या ओळीने तीन ऐवजी तीस जीव मिळतात. काझुहिसा हाशिमोतो नावाच्या, काँट्रा काढणाऱ्या कोनामी कंपनीतल्या माणसाने १९८६ साली ग्रेडियस नावाच्या दुसऱ्या गेमसाठी ही युक्ती केली होती. गेम तपासून पाहायचा तर त्यालाच तो जमेना, म्हणून स्वतःच्या सोयीसाठी घातली आणि ती तशीच आत राहून गेली. हाशिमोतो २०२० साली गेले. तिवंध्याच्या वाड्यात पट्टीने ओढल्यासारख्या अक्षरात आपली युक्ती लिहिलेली आहे, हे त्यांना कुठून कळणार!

मामीने पुठ्ठ्यावरून हात फिरवला आणि ती आत चहा टाकायला गेली.

संध्याकाळी हॉलमधल्या मोठ्या एलईडी टीव्हीला वायर जोडली. काही नाही. अडॅप्टर गरम झाला, बारीक गुणगुणला आणि गप्प झाला. दादाचं तोंड पडलं. सहावीतली भाची हे सगळं पाहत होती. म्हणाली, "आत्या, हा गेम तर माझ्या कॉम्प्युटरवर आहे." कोनामीने २०१९ साली जुन्या काँट्रांचा एक संच काढला, त्यात हा आहे. दादाने तो सवलतीत घेऊन ठेवला होता आणि एकदाही उघडला नव्हता. का, ते मी विचारलं नाही.

खेळलो. पहिल्याच पुलावर मेले. पुन्हा खेळले, पुन्हा तिथेच. काहीतरी चुकत होतं. चित्र काचेसारखं लख्ख, प्रत्येक चौकोन मोजून घ्यावा असा. पण गेम घाईत होता. उडी मारली की मी हवेत असायला हवी तेव्हा जमिनीवर आलेली असायची. संगीतही धावत होतं. मामा भाजी निवडताना जी चाल गुणगुणायचा, ती ही नव्हती. भाची म्हणाली, "छान आहे, पण लगेच मरतो." मला वाटलं, झालं. जिना चारच पायऱ्यांचा निघाला.

त्या रात्री झोप लागली नाही. थंडीही तशीच होती, जमिनीवरून वर येणारी.

शनिवार

सकाळी दादा म्हणाला, "उठ. एमजी रोडला जाऊ."

महात्मा गांधी रोड म्हणजे आता सगळी मोबाइलची दुकानं. पण एका बोळात, जिन्याखालच्या खोपटात, जुने टीव्ही आणि रेडिओ दुरुस्त करणारे एक काका अजून बसतात. सत्तरीचे असावेत. त्यांनी गेम हातात घेतला, उलटा केला, आणि पाच स्क्रू काढेपर्यंत एक शब्द बोलले नाहीत.

आत एवढंसं हिरवं बोर्ड. आमच्या सहा वर्षांच्या सुट्ट्या तळहातावर मावल्या. मधोमध डांबराचा थेंब पडावा तसा एक काळा गोळा, त्याच्याखाली सगळा मेंदू. मूळ यंत्रात हे काम वेगवेगळ्या चिपा करायच्या, नकली यंत्रांनी त्या एकाच चिपेत कोंबल्या आणि वरून राळ ओतली. काकांनी फुगलेला एक कपॅसिटर दाखवला. पाच व्होल्ट देणारा ७८०५ नावाचा भाग बदलावा लागेल म्हणाले, तो डब्यातच होता. अडॅप्टर मात्र नवा.

मग त्यांनी काँट्राची कॅसेट घेतली, तिची साठ पाती उजेडात धरली. एका बाजूला तीस, दुसऱ्या बाजूला तीस. मी सवयीने पुढे झाले आणि तोंडाने फुंकर मारण्याचा आविर्भाव केला. काका पहिल्यांदा मोठ्याने बोलले, "अहो ताई, नका! त्या फुंकरीनेच तर ही काळी पडलीत. तोंडातला ओलावा बसतो त्यावर." सगळ्या देशातल्या पोरांनी गेम सुरू होईना की कॅसेटीत फुंकर मारली. तो सुरू व्हायचा तो कॅसेट काढून पुन्हा बसवल्यामुळे. पाती नव्याने घासली जायची, श्रेय मात्र फुंकरीला. काकांनी कान साफ करायच्या काडीवर स्पिरिट घेतलं आणि एकेका पात्यावरून फिरवलं. कापूस काळा होत गेला. तिसऱ्या काडीला पात्यांवर पिवळी झळाळी दिसायला लागली. माझ्या नवव्या वर्षीच्या फुंकरा त्या कापसावर उतरत होत्या.

रिमोट उघडले तेव्हा आणखी एक गोष्ट दिसली. बटणांखाली रबराची चकती असते आणि तिच्या पोटाला कार्बनचा काळा ठिपका. तो बोर्डाला टेकला की बटण दाबलं गेलं असं यंत्राला कळतं. एक नंबरच्या रिमोटचा गोळीच्या बटणाचा ठिपका झिजून राखाडी झालेला. माझ्या दोन नंबरचा उडीच्या बटणाचा झिजलेला. दादा मारत सुटायचा, मी उड्या मारून वाचायची. तेवढ्यावरून काका म्हणाले, "हा तुमचा ना?" आणि दोन नंबरचा माझ्या हातात दिला.

कॉम्प्युटरवर गेम घाईत का वाटला, तेही त्यांनीच सांगितलं. आपल्याकडचा टीव्ही पॅल पद्धतीचा, सेकंदाला पन्नास चित्रं. जपान आणि अमेरिकेतला साठ. हे जुने गेम घड्याळ पाहून नाही, चित्र मोजून चालतात. दर चित्रागणिक शिपाई ठरलेलं अंतर सरकतो. आपल्याकडे विकलेल्या यंत्रांवर चित्रं कमी, म्हणून गेम संथ. तिकडे ज्याला एक मिनिट लागतं त्याला इकडे ७२ सेकंद. म्हणजे माझी आठवण चुकली नव्हती. मामा ज्या लयीत गुणगुणायचा, ती नाशिकच्या टीव्हीची खरी लय होती! मी रस्त्यात उभी राहून दादाला हे दोनदा सांगितलं. तो ऐकून घेत होता, त्यालाही ते दोनदा ऐकायचं होतं.

काकांनी कोपऱ्यातला चौदा इंची, पोट असलेला टीव्ही दाखवला. "सोमवारी आणून द्या." दुपारी चारला या म्हणाले.

मधल्या वेळात गोदाघाटावर गेलो. सराफ बाजारातून उतरताना भांडी बाजारातली तांब्याची ठोकाठोक ऐकू येते, ती अजून तशीच. इथल्याच एका बोळात कॅसेटी भाड्याने देणारं दुकान होतं. २००८च्या सप्टेंबरात गोदावरीला पूर आला तेव्हा पाणी शटरच्या वर गेलं, त्यानंतर ते दुकान उघडलं नाही. नदीपात्रातला दुतोंड्या मारुती नाशिककरांची पट्टी आहे. पाणी गुडघ्याला, कमरेला, छातीला, डोक्यावर, यावर पूर मोजायचा. मामा आम्हाला त्याच्यासमोर उभं करून विचारायचा, "आज कुठवर?" आज पाणी पायापाशीही नव्हतं. पलीकडे नारोशंकराची घंटा. १७३९ साली वसई जिंकल्यावर तिथून आलेली. ती पुढच्या वेळी निवांत पाहायची ठरवून परत फिरलो. दोघांचंही लक्ष चार वाजण्याकडे होतं.

टीव्ही रिक्षात दादाच्या मांडीवर, गेम माझ्या. वाड्याचा अरुंद जिना चढताना दादा म्हणाला, "हे लोक काय वजनाचे टीव्ही बनवायचे!" मामीने देवघराशेजारचं स्टूल मोकळं करून दिलं. टीव्ही नेहमी तिथेच असायचा.

पडद्यावर मुंग्या. दादा चॅनेलचं बटण थोडं थोडं फिरवत होता. मुंग्या, मुंग्या, मग एक आडवी रेघ, मग अर्ध्या मुंग्यांतून वर येणारं ते नाव. चित्र थोडं वाकलेलं, लाल रंग कडेने ओघळलेला. संगीत सुरू झालं, आणि स्वयंपाकघरातून मामीचा आवाज आला, "हेच. हेच ते."

पहिला टप्पा जंगलाचा. बोटांना सगळं आठवत होतं, मला नाही. पाण्यात उतरून खाली दाबलं की लाल शिपाई बुडी मारतो आणि गोळ्या डोक्यावरून जातात. हे मी ठरवून केलं नाही, अंगठ्याने केलं. पूल पायाखाली फुटत गेला आणि मी शेवटच्या फळीवरून उडी घेतली, हवेतच मागे वळले, कडेला उतरले. इथे मला कळलं की हा गेम अजून का चांगला आहे. उडी मारल्यावरही माणूस आपल्या हातात राहतो. हवेत दिशा बदलता येते, थबकता येतं, आठ दिशांना गोळी झाडता येते. त्या काळच्या कितीतरी गेममध्ये उडी मारली की पुढे नशिबावर. इथे मेलात तर चूक तुमची, आणि ती कुठे झाली हे दिसतं. शत्रूच्या गोळ्या पांढऱ्या, गोल, हळू. लपवलेलं काही नाही. एकदा फसलात की पुढच्या वेळी त्या दगडामागे कोण आहे हे माहीत असतं. अमेरिकेत विकलेल्या आवृत्तीचा अख्खा गेम १२८ किलोबाइटचा आहे. आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर रोज सकाळी येणारं फुलांचं एक चित्र याहून जड असतं.

आणि जे टिकलं नाही, तेही सांगते. एका स्पर्शाने मरण, हे आता मला जाचक वाटलं. मेल्यावर बंदूकही जाते, आणि नेमकी अवघड जागी साध्या बंदुकीने उभं राहावं लागतं. पाच फाट्यांची एस बंदूक हातात असली तर गेम सोपा, नसली तर डोंगर. मधलं काही नाही. एफ बंदूक तर कुणी घ्यावीच का, हे मला आजही कळलं नाही. तिची गोळी गिरक्या घेत जाते आणि शेजारचा शत्रू हसत उभा. दुसऱ्या टप्प्यात पाठमोऱ्या शिपायांनी बोळात शिरायचं असतं, ते लहानपणी मला थरारक वाटायचं. आता ती बोळं एकसारखी वाटली, कधी संपतात असं झालं. आणि पडद्यावर गर्दी झाली की शिपाई लुकलुकतात. लहानपणी मामी म्हणायची, "बंद करा, टीव्हीची ट्यूब जातेय." ट्यूब ठीक होती. हे यंत्र एका आडव्या रेषेत आठच हलते तुकडे दाखवू शकतं, नववा आला की आळीपाळीने लपवावे लागतात. मी मामीला हे समजावून सांगितलं. तिने ऐकलं आणि म्हणाली, "तरीपण तासाने बंद करा."

मग धबधबा. तिसरा टप्पा.

याबद्दल आधी सांगायला हवं. बोळांचे टप्पे सोडले तर बाकीच्या टप्प्यांत पडदा उजवीकडे सरकतो, इथे वर सरकतो. जो वर चढेल त्याच्याबरोबर चित्र वर जातं, आणि खाली राहिलेला पडद्याच्या कडेखाली गेला की मरतो. शत्रूची गोळी लागत नाही, दगड लागत नाही, सोबती पुढे गेला म्हणून मरतो. दादा माझ्याहून तीन वर्षांनी मोठा. तो सपासप वर जायचा आणि मी खालच्या दगडावरून ओरडत असायची, "थांब! दादा, थांब ना!" तीसातले दहा-बारा जीव माझे इथेच जायचे. एकदा मी त्याच्या मनगटाला चावले होते. तेव्हा मामाने गेम बंद केला, दोघांना समोर बसवलं आणि रिमोटांची अदलाबदल केली. निळा मला, लाल दादाला. मी चढले आणि मागे न बघता वर गेले. दादा मेला. त्याचा चेहरा पाहून मला आनंद झाला नाही, एवढं मला नीट आठवतं.

आता आम्ही धबधब्याखाली उभे होतो. दादाने उडी मारली, पहिला दगड, दुसरा. वरून गोळे घरंगळत येत होते. मी पहिल्याच दगडाला चुकले आणि गेले. पुन्हा आले. दादा तिसऱ्या दगडावर गेला आणि तिथेच राहिला. वर शत्रू होता, त्याला मारून झालं होतं, वाट मोकळी होती. निळा दगडावर उभा, बंदूक वर, हलत नाही.

"काय झालं? बटण अडकलं?"

"नाही. ये तू."

मी दोनदा पडले. तो थांबून राहिला, माझ्या अंगावर येणारे गोळे झाडत. त्यात त्याचा एक जीव गेला. तिसऱ्यांदा मी त्याच्या शेजारी पोचले. मग आम्ही ठरवून, एक दगड तो, एक दगड मी, असे वर गेलो. फळीवरून फिरणाऱ्या आगीपाशी दादा म्हणाला, "आता," आणि दोघांनी एकदम उडी घेतली. सहा वर्षांत एकदाही आम्ही असे वर गेलो नव्हतो.

तासाने मामीने खरंच बंद करायला लावलं.

रविवार

भाचीला बंदूक हवी होती. बदकांचा गेम लावला. तिचा हट्ट मोठ्या टीव्हीवर खेळण्याचा, म्हणून एलईडीला वायर जोडली. चित्र आलं, बदकं उडाली, तिने वीस वेळा झाडली. एकही पडेना. तीच बंदूक पोटाच्या टीव्हीवर पहिल्याच फटक्यात लागली. तिने बंदूक डोळ्याला लावून नळीत पाहिलं. बंदुकीतून काहीच बाहेर जात नाही, उलट ती उजेड पाहणारा डोळा आहे. घोडा दाबला की पडदा क्षणभर काळा होतो आणि पुढच्या चित्रात बदकाच्या जागी पांढरा चौकोन येतो. डोळ्याला आधी काळोख आणि लगेच उजेड दिसला तर नेम लागला. जुना टीव्ही हे ठरल्या क्षणी दाखवतो, नवा चित्र सजवून उशिरा दाखवतो, तोवर बंदुकीची वाट बघून झालेली असते. भाचीने हे ऐकलं आणि मोबाइलचा कॅमेरा पडद्यासमोर धरून हळू गतीत चित्रीकरण केलं. तो पांढरा चौकोन तिला दिसला. पंचवीस वर्षांनी मीही तो पहिल्यांदा पाहिला.

दहा वाजता मी आणि दादा बसलो. मामाच्या पुठ्ठ्यावरची ओळ भाचीने मोठ्याने वाचली आणि आम्ही दाबत गेलो. सिलेक्ट, स्टार्ट. तीस जीव.

बर्फाचा टप्पा, आगीच्या झोतांचा टप्पा, छतातून खाली येणारे पंजे, काटेरी गाड्या. यातलं बरंच मी विसरले होते, कारण लहानपणी इथवर जीवच उरायचे नाहीत. मामी मटार सोलत मागे येऊन बसली. "तो मोठा टोपीवाला येईल आता," ती म्हणाली, आणि शिरस्त्राण घातलेला तो धिप्पाड शिपाई आला. तिला सगळं पाठ होतं. आम्ही खेळत असताना ती आमच्या मागे बसून काम करायची, हे मला कधी दिसलंच नव्हतं.

शेवटी ते हृदय. धडधडणारं, भोवती अंड्यांसारखं काहीतरी. दादाचे अकरा जीव शिल्लक, माझे चार. वरून अंगावर येणारे ते किडे मी उड्या मारून चुकवत होते आणि दादा मारत होता, दोघांच्या रिमोटांतल्या झिजलेल्या ठिपक्यांप्रमाणेच. हृदय फुटलं. बेट उडालं, हेलिकॉप्टर निघालं. भाचीने टाळ्या वाजवल्या. दादा रिमोट मांडीवर ठेवून पडद्याकडे बघत बसला. मामीने विचारलं, "संपला?"

"संपला."

"यांनी संपलेला कधी पाहिला नाही," मामी म्हणाली. मटाराच्या शेंगा तिने गोळा केल्या.

जेवून दुपारी निघाले. वहिनीने कोंडाजीचा चिवडा, अर्धा किलो द्राक्षं आणि मामीने केलेलं मेतकूट बांधून दिलं. गेम, टीव्हीची वायर, बंदूक, कॅसेटी पुन्हा पेटीत गेल्या, मामाच्या लुंगीत. पुठ्ठा दादाने झाकणावरून सोडवला नाही, म्हणाला पेटीच फ्लॅटमध्ये नेतो. मी पिशवीची चेन लावत होते तेव्हा तो दोन नंबरचा रिमोट घेऊन आला. वायर नीट गुंडाळलेली, वर रबर लावलेलं.

"हा तुझ्याकडे ठेव."

"मग तुम्ही दोघं कसे खेळाल?"

"तिला मी आधी एकटीला शिकवतो. मे महिन्यात घेऊन ये."

नाशिकरोडला गाडीत बसले. पिशवी मांडीवर घेतली, आत हात घातला, रिमोट चिवड्याच्या पुड्याखाली गेला होता, तो वर काढला. इगतपुरीपर्यंत अंगठा उडीच्या बटणावर होता.